कृपया

सहा आकडे मीच वाचून दाखवले.
कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल मोजत होतो,
चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी,
फोनवरचा पोरगा म्हणाला, पार्सल आलंय काका, आकडे सांगा,
आणि मोजायच्या नादात
तेही मोजून दिले.

दुपारचा चहा येईपर्यंत
अंबादास येमूल नावाचा दुसरा एक माणूस,
माझाच फोटो लावून, शेजारी बायको, मागे सिद्धेश्वराचं तळं,
तीनशे बारा जणांकडे पैसे मागत फिरत होता.

पुण्याच्या मेहुण्याने आधी ग्रुपवर जाहीर केलं,
मग मला ग्रुपातून काढलं,
मग फोन केला. "शिकलेली माणसं अशी फसतात?"
शारजाचा कुंजुमोन, दरसाल चाळीस गाठी उचलणारा,
त्याने मालकाच्या फोनवर व्हिडिओ लावला: तोंड दाखव.
दाखवलं. हसला. ठेवला.
ओसाकाहून तनाबेसाहेबांची मेल आली,
आपणांस झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी.
चारदा वाचली.
त्यांनी काय केलं होतं?

शिवलिंगप्पा मास्तर तळ्याकाठी शेंगा सोलत म्हणाले,
होग्ली बिडु, गेलं ते गेलं,
आणि टरफल टाकायच्या आत विचारलं,
किती गेलं?

मैनोद्दीनला पहिल्या ओळीतच कळलं होतं.
कृपया तातडीने मदत करावी.
"तू जल्मात कधी कृपया म्हणलास का बे?"
त्याने चोराला लिहिलं, आधी बे लाव, मग देतो.
चोर बराच वेळ टाइप करत राहिला,
तीन ठिपके यायचे, जायचे,
कुठल्या गावचा होता देव जाणे,
हा एक शब्द त्याला लावता येईना.

सायबरच्या खोलीत पंखा बंद.
लेंगरे हवालदाराने आधार कार्ड उलटंपालटं केलं,
"तुम्हीच ते कशावरून?"
मग स्वतःच मजकूर सांगायला लागले, घ्या लिहून,
कृपया माझी तक्रार नोंदवून घ्यावी.
पेन थांबलं.
"काय झालं?"
काही नाही साहेब, म्हणलं. लिहिलं.
अक्षर माझंच होतं.

तीनशे बारांत फक्त एकीने पैसे पाठवले.
विडी घरकुलातली नरसव्वा, माझ्या आईची मैत्रीण,
दिवसाला हजार विड्या वळणारी.
तिला वाचता येत नाही. नातवाने वाचून दाखवलं,
मराठीतलं तेलुगूत केलं,
कृपयाचं दयचेसि केलं,
जो शब्द आमच्या घरात लग्नपत्रिकेपुरता येतो
आणि अक्षता पडल्या की जातो.

पाचशे.
म्हणलं, आत्या, एक फोन तरी करायचास.
ती पानाला कात्री लावत होती, मान वर न करता म्हणाली,
"तू कधी असं बोलत नाहीस.
दयचेसि म्हणलास, तेव्हाच कळलं
काहीतरी मोठं झालंय.
मागताना आधीच लाज वाटते रे माणसाला.
परत फोन करून कशाला बोलायला लावू?"

मैनोद्दीनला जिथे चोर दिसला
तिथेच हिला मी दिसलो होतो.

नवा पासवर्ड नातवानेच घालून दिला,
मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, एक चिन्ह,
काका, हा कुणाला सांगू नका.
नाही सांगत, म्हणलं.
खिशातून पाचशेची नोट काढली, तिच्या सुपात ठेवली.
ती बराच वेळ नोटेकडे बघत राहिली,
तंबाखूचा भुगा बोटाने झटकला,
आणि आता पहिल्यांदा तोंडाकडे बघून विचारलं,

मग, तुला नकोत?